विहिरीपाशी गप्प होणारी गाडी

आप्पा, तुमची गाडी झाली. म्हणजे चालू झाली, रंग लागला, सीट शिवून आली, आणि गेल्या रविवारी ती रस्त्यावरून फिरून परतही आली. हे कुणाला तरी सांगायला हवं असं तेव्हापासून वाटतंय. दादाला फोन केला तर तो म्हणाला, "अगं, एवढ्या खटाटोपात नवी स्कूटर आली असती." शेजाऱ्यांना सांगण्यासारखं काही उरलेलं नाही, त्यांनी सगळं खिडकीतून पाहिलंय. आई असती तर तिला सांगितलं असतं, पण आई गेल्या वर्षी गेली. उरलात तुम्ही. तेव्हा तुम्हीच ऐकून घ्या.

मी आता खारी गावात राहत नाही. तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी आपली ती बैठी चाळ पाडली, आणि मी आणि आई मीरा रोडला बेव्हर्ली पार्कमध्ये तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आलो. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा दादा म्हणाला, ही फटफटी भंगारवाल्याला देऊन टाकू. आई टेम्पोजवळच्या स्टुलावर बसून राहिली. "ती येणार नसेल तर मीसुद्धा येत नाही," म्हणाली. आईचं तुम्हाला ठाऊक आहे, ती एकदा बसली की बसली. शेवटी गाडी कपाटाच्या आधी चढली. इथे स्वयंपाकघराच्या मागे कंपाउंडची एक चिंचोळी पट्टी आहे, तिथे ती ताडपत्रीखाली उभी राहिली. आई कुणाला तिला हात लावू देत नसे, आणि स्वतःही लावत नसे. भांडी घासता घासता खिडकीतून तिच्याकडे बघायची, बस्स.

तुम्ही मिठागरावर सुपरवायझर. पहाटे मी उठायच्या आत निघायचात, त्यामुळे गाडी जाताना मी कधी ऐकलीच नाही. मला ठाऊक होती ती फक्त येणारी गाडी. संध्याकाळी मी ओट्यावर अभ्यासाला बसलेली असते, आई आत. लांबून दोन सायलेन्सरांची फटफट ऐकू येते. देवळापाशी आलात की तुम्ही खाली हात घालून पेट्रोलचा कॉक बंद करता, आणि कार्बोरेटरमध्ये जेवढं उरलंय तेवढ्यावर गाडी पुढे येते. विहिरीपाशी आवाज जरा वर चढतो, एक-दोनदा अडखळतो आणि गप्प होतो. मग नुसती चाकाखालची खडी वाजते, आणि गाडी अलगद ओट्याला लागते. पोटात पेट्रोल ठेवून गाडी निजवायची नाही, असा तुमचा नियम होता. कधी अंदाज चुकायचा, गाडी विहिरीच्या अलीकडेच मान टाकायची आणि तुम्ही ती ढकलत आणायचात. मग समोरच्या आजी हटकून विचारायच्या, "काय रं, आज गाडीनं तुला आनलं का तू गाडीला?" तुम्ही हसायचात. आई मात्र तुमच्यासाठी घड्याळ बघायची नाही की दारात यायची नाही. विहिरीपाशी आवाज थांबला की चहाचं पातेलं स्टोव्हवर चढायचं.

आता त्या दिवसाचं सांगते. तुम्हाला तो ठाऊक असणं शक्य नाही, कारण तुम्ही तेव्हा नव्हतात. मी आत आईजवळ भाजी निवडत होते. फटफट ऐकू आली. आईनं ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटून पातेलं हातात घेतलं. गाडी विहिरीपाशी आली आणि आवाज थांबला नाही. आई तशीच उभी राहिली. गाडी वाजत वाजत थेट ओट्यापर्यंत आली आणि उभी राहूनसुद्धा धडधडत राहिली. तुमच्याबरोबर काम करणारे काका उतरले. गाडी तशीच चालू ठेवून ते ओट्यापाशी चपला काढायला लागले. आई त्यांना म्हणाली, "आधी ती बंद करा." काकांनी तोंड उघडण्याआधीच तिला कळलं होतं. तुम्ही आगरावर मिठाच्या ढिगाजवळ जरा बसतो म्हणून बसलात ते उठला नाहीत, हे सगळं त्यानंतरचं.

त्या दिवसानंतर गाडी कुणी चालू केली नाही. म्हणून माझ्या कानात तुमच्या गाडीचा शेवटचा आवाज तोच राहिला, न थांबलेला. आई होती तोवर याबद्दल आम्ही अवाक्षर बोललो नाही. पण ती गेल्यावर ऑफिसातून आलं की घरात इतकी शांतता असायची की तो आवाजच ऐकू यायचा. वाटलं, ही गाडी एकदा नीट यायला हवी. एकदा घराच्या अलीकडे गप्प व्हायला हवी आणि मी आत असायला हवी. याहून मोठा हेतू काही नव्हता. लोकांना मी सांगितलं की वडिलांची आठवण म्हणून करतेय. तेच लोकांना पटतं.

जवळच्या गोडदेव गावचा एक मेकॅनिक मिळाला. चाळिशीचा, पोट सुटलेला, आणि बोलायला इतका की नट पिळतानाही मोबाइल खांद्यात धरून कुणाशी तरी भांडत असायचा. मंगळवारी येतो म्हणायचा आणि पुढच्या रविवारी उगवायचा. ताडपत्री काढल्यावर त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली. "ताई, खरं सांगू का? हिच्यात आता गाडी कमी न गंज जास्त हाय." मी म्हटलं, जेवढी गाडी असेल तेवढी काढा. हॉलमध्ये वर्तमानपत्रं पसरून इंजिन खोललं. आई गेल्यापासून हॉलमध्ये कुणी मांडी घालून बसलं नव्हतं. जेवणाच्या टेबलावर पिस्टन ठेवला होता आणि मी कोपऱ्यात ताट सरकवून जेवायचे. एकटीनं राहण्याचा हा एक फायदा आहे, पिस्टन कुणाच्या पंगतीला चालत नाही असं म्हणणारं कुणी नसतं. टाकीत खडी आणि रॉकेल घालून ती आम्ही आळीपाळीनं हलवली, तेव्हा आतून काळंतांबडं पाणी निघालं. सायलेन्सर आणि रिमा त्यानं भाईंदरला स्टीलची पातेली चमकवणाऱ्या गाळ्यात नेऊन घासून आणल्या. आईला हे फार आवडलं असतं. टाकीवरचा निळा रंग खरवडला तर खाली लालसर मरून रंग निघाला. तो मी जन्मात पाहिला नव्हता. मेकॅनिक म्हणाला, कंपनीचा रंग मरून, तोच देऊ. मी म्हटलं, नाही, निळाच, मिठागराच्या दारांना लावतात तो. तुम्ही आगरावरचा उरलेला डबा आणून ब्रशनं टाकी रंगवली होतीत, त्यात एक केस कायमचा चिकटून राहिला होता, हे त्याला काय सांगणार?

एका रविवारी मी बाजारातून आले तर हा सोसायटीचा पाइप लावून गाडी धूत होता. आमच्या इमारतीला वापरायला बोअरिंगचं पाणी येतं. मी पिशव्या तिथेच टाकल्या आणि ओरडले, "बंद करा ते. मिठानं धुताय तिला?" तो म्हणाला, "पानीच हाय ना, ताई." मी त्याला म्हटलं, "चाखून बघा." आणि माझ्या तोंडून ते शब्द निघाले तेव्हा मीच दचकले, कारण आवाज माझा असला तरी सूर तुमचा होता. लहानपणी तुम्हाला खूश करायला मी विहिरीच्या मचूळ पाण्यानं गाडी धुतली होती. तुम्ही माझं बोट त्या बादलीत बुडवून चाखायला लावलं होतंत. "लोखंडाला जीभ नसते, म्हणून आपण चाखायचं," म्हणाला होतात. मग घरातलं प्यायचं पाणी घेऊन गाडी पुन्हा धुतलीत, आणि आई रात्रीपर्यंत तुमच्याशी बोलली नव्हती. मेकॅनिकनं निमूटपणे बोट जिभेला लावलं. "खारट हाय," म्हणाला. मग आम्ही दोघांनी फिल्टरच्या पाण्याचे तांबे ओतून ती धुतली. वरच्या मजल्यावरचे गुजराती काका गॅलरीतून म्हणाले, "बेन, इसको अभी बिस्लेरी पिलाओगी क्या?"

गाडी पहिल्यांदा चालू झाली ती कंपाउंडमध्येच. तिची किक आणि गिअरची दांडी एकच, ती तो कितीतरी वेळ मारत होता. शेवटी निळसर धुराचा लोट आला आणि गाडी बोलली. वरचे काका टाळ्या वाजवत खाली आले, सगळ्यांना पेढे वाटले पाहिजेत म्हणाले. मी हसले, पेढेही आणले. पण खरं सांगते आप्पा, मला काहीच झालं नाही. नुसता आवाज होता, मोठा, कानाजवळचा. मी तुमची गाडी अशी कधी ऐकलीच नव्हती. मला ती लांबून आणि भिंतीच्या आड बसून ऐकायची सवय. त्या दिवशी पेढ्यांचा रिकामा बॉक्स टाकताना फार एकटं वाटलं, आई गेली त्या आठवड्यातही वाटलं नव्हतं इतकं.

मग गेल्या रविवारी संध्याकाळी मी मेकॅनिकला सांगितलं, हायवेपर्यंत जाऊन या. येताना मेडिकलच्या दुकानापाशी कॉक बंद करा, म्हणजे पिठाच्या गिरणीपाशी ती गप्प होईल आणि तशीच गेटात येईल. बरं म्हणाला आणि गेला. मी स्वयंपाकघरात आले, खिडकीकडे पाठ करून उभी राहिले. आमच्या रस्त्याला रिक्षा असतात, भाजीवाला ओरडत असतो, तरी त्यातून तो आवाज मी निवडून काढला. मेडिकल आलं. गिरणी आली. आवाज थांबला नाही. गाडी वाजत वाजत थेट गेटात शिरली, खिडकीखाली येऊन उभी राहिली आणि धडधडत राहिली, आणि हा शिवाय हॉर्न मारून म्हणतोय, "ताई, बघा कशी पळतेय." मी वळून खिडकीशी गेले. गजांतून म्हणाले, "आधी ती बंद करा."

माझं तोंड बघून त्यानं झटकन चावी फिरवली. "कॉक इसरलो, ताई. मोबाइल वाजला न." मी त्याला रागावले नाही. त्याला काय ठाऊक असणार? मी त्याला तो दिवस सांगितला. खिडकीच्या गजांतून, तो खाली आणि मी वर, थोडक्यात सांगितला. मोबाइल काढून त्यानं खिडकीच्या कठड्यावर ठेवला, माझ्या हाताशी, आणि पुन्हा किक मारली.

मी परत पाठ फिरवली. फटफट हायवेकडे विरत गेली, मग बराच वेळ काही नाही. मग ती आली, आप्पा. मेडिकल मागे पडलं. गिरणीपाशी आवाज जरा वर चढला. एकदा अडखळला, पुन्हा अडखळला. आणि गप्प झाला. माझ्या हातात चहाचं पातेलं होतं, ते मी कधी उचललं कोण जाणे. गॅस पेटवला, पाणी ठेवलं. गाडी गप्प झाल्यापासून गेटची कडी वाजेपर्यंत जो काही वेळ गेला, तेवढा वेळ तुम्ही येत होतात. मला पक्कं ठाऊक होतं की गाडीवर गोडदेवचा मेकॅनिक आहे, आणि तरीही तुम्ही येत होतात. मी ओढणीनं तोंड पुसलं, केस नीट केले.

कडी वाजली आणि तो घामाघूम होऊन आत आला. "गिरनीच्या पुढंच मेली. ढकलत आनली. तुमचे वडील रोज असंच करायचे?" मी म्हटलं, रोज. "लई कंजूष मानूस व्हता मग," तो म्हणाला, आणि मी हसता हसता रडले. त्यानं चहा घेतला, बशीत ओतून, फुंकून, आणि माझ्याकडे न बघता टाइल्सच्या रंगाबद्दल काहीतरी बोलत राहिला. निघताना म्हणाला, "ताई, आता शिका चालवायला. गाडी उभी ठिवलीत तर पुन्हा गंजंल." वरचे काकाही तेच म्हणतात. दादाही फोनवर तेच म्हणाला, निदान वापर तरी कर.

हे लिहून झालं की कागद घडी करून तुमच्या त्या प्लगच्या पान्याशेजारी, गाडीच्या बाजूच्या डब्यात ठेवीन. पोस्टात टाकायला पत्ता कुठे आहे? खारीतल्या त्या ओट्याच्या जागी आता पार्किंग आहे. मेकॅनिकला मी दर रविवारी यायला सांगितलंय. इंजिन फिरतं राहिलं पाहिजे, असं कारण दिलंय, आणि ते काही खोटं नाही. सगळ्यांना सांगते की शिकणार आहे, गुडघा जरा बरा झाला की. गुडघ्याला काही झालेलं नाही, आप्पा. मी गाडीवर बसले तर घरात ऐकायला कोण राहील?