विश्रांती कक्षातला जमिनीलगतचा पंखा पुन्हा सुरू करण्याबाबत

प्रति,
मा. निरीक्षक,
कारखाने सुरक्षा व कामगार आरोग्य कार्यालय

विषय : पादत्राणे कारखान्यातील विश्रांती कक्षाची गादीवर आडवे होऊन फेरतपासणी करण्याबाबत.

संदर्भ : माझा पहिला अर्ज व त्यावरील आपले 'कक्षात वास आढळला नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे' हे उत्तर.

महोदय,

आपण स्वतः येऊन पाहणी केलीत याबद्दल आभारी आहे. वास आढळला नाही, हे आपले म्हणणे खरे आहे. आपण उभे होता. हा दुसरा अर्ज तेवढ्यासाठीच आहे.

१. मी या कारखान्यात रसायन तपासनीस आहे. बुटांचे तळवे चिकटवण्यासाठी जे सोल्युशन वापरतात त्यात थिनर असते. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती वर जात नाही. सांडलेल्या पाण्यासारखी जमिनीवर पसरते आणि साचते. थिनरची पिंपे ज्या कोठारात ठेवतात त्याला लागूनच विश्रांती कक्ष आहे. मधल्या भिंतीला तळाशी जुन्या नळाचे भोक आहे. ज्याने कोणी इमारत बांधली त्याला हे माहीत असावे, कारण त्याने या खोलीतला हवा बाहेर फेकणारा पंखा जमिनीलगत बसवला होता.

२. कर्मचाऱ्यांचे मनःस्वास्थ्य सुधारावे म्हणून कल्याण समितीने गेल्या वर्षी या खोलीत गाद्या घातल्या, निळसर दिवा लावला आणि मंद संगीताची सोय केली. हेतू चांगलाच होता. पण पंखा खडखडतो, त्याने मनःशांती भंगते, म्हणून तो बंद करून त्याच्या तोंडावर धबधब्याचे मोठे चित्र चिकटवण्यात आले. चित्र चिकटवायलाही आमचेच सोल्युशन वापरले.

३. कक्षाच्या दाराबाहेर दोन बटणे आहेत, एक हसऱ्या चेहऱ्याचे, एक रडव्या. बाहेर येणाऱ्याने कसे वाटले ते दाबून सांगायचे. रडवे बटण आजवर कोणी दाबलेले नाही. लोक झुलत, भिंतीला हात लावत बाहेर येतात आणि हसरे बटण दाबतात. शिलाई विभागातल्या बाई म्हणाल्या, "डोकं असं हलकं होतं, की घरी कोण कोण आहे तेच आठवत नाही!" समितीने हे वाक्य फळ्यावर कौतुकाने लावले आहे.

४. रोज सकाळी कक्ष उघडण्याआधी तेथील हवा वासावरून तपासली जाते. हे काम माझ्या सख्ख्या मामांकडे आहे. सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणतो. सोल्युशन तयार होत असताना पिंपाचे झाकण किलकिले करून, नुसते हुंगून "अजून कच्चं आहे" किंवा "उतरवा आता" असे ते सांगत, आणि अख्खा घाणा त्यांच्या शब्दावर उतरे. यंत्र घेण्याऐवजी त्यांचे नाक वापरणे समितीला सोयीचे वाटले. ते दारात उभे राहतात, श्वास ओढतात, "स्वच्छ" म्हणतात. ते खोटे बोलत नाहीत. एकच वास सतत घेत राहिले की नाक तो कळवणे सोडून देते, हे मी पुस्तकात वाचले होते. मागच्या आठवड्यात घरी त्यांना डोळे मिटायला सांगून थिनरची बाटली त्यांच्या नाकाशी धरली. ते म्हणाले, "पाणी आहे." मग माझा चेहरा पाहून म्हणाले, "हे कुठे लिहू नकोस हं पोरी. नाक गेलं म्हटल्यावर मला कारखान्यात कोण विचारतो?" हे लिहिल्याने ते दुखावतील, हे माहीत असूनही लिहीत आहे.

५. मामांना आता बोटांना मुंग्या येतात. चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. परवा ते कारखान्यातून एका पायात चप्पल घालून घरी पोहोचले. दुसरी वाटेत कुठे गळून पडली ते त्यांना कळलेच नाही; मामीने दार उघडले तेव्हा तिने सांगितले. तळपायाला खडे टोचून रक्त आले होते. तेही त्यांना तिनेच दाखवले.

६. आपल्या उत्तरानंतर मी माझ्या महाविद्यालयातून वाफमापक यंत्र उसने आणले. उभ्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर आकडा नगण्य आला. गुडघ्याखाली तो झपाट्याने वाढला. गादीवरची नोंद घेण्यासाठी मी आडवी झाले. ती नोंद अपुरी आहे. शिलाईच्या बाईंनी मला बखोटीला धरून बाहेर ओढले, तेव्हा मी हसत होते म्हणे. कशाला, ते मला सांगता येत नाही. जाताना मी हसरे बटणही दाबले.

७. मी हे समितीपुढे मांडले. समितीने सहानुभूतीने ऐकले, मला कामाचा ताण आला आहे असे ठरवले, आणि रोज दुपारी सक्तीने विश्रांती कक्षात पडून राहण्याची सूचना केली. मामांचे हात आता पिंपांवर चालत नाहीत, म्हणून त्यांनाही हलके काम देण्यात आले आहे : येत्या सोमवारपासून पूर्ण पाळीभर कक्षाचे राखणदार, बसायला गादी. मामा खूश आहेत. "दुसरीकडे कुठे बरंच वाटत नाही बघ आताशा," असे ते म्हणतात. सुट्टीच्या दिवशीही ते काहीतरी निमित्त काढून तिथे जाऊ लागले आहेत.

तरी विनंती अशी की, धबधब्याचे चित्र काढून पंखा सुरू करावा, भिंतीतले भोक बुजवावे, आणि मामांना सोमवारच्या आत त्या खोलीतून हलवून त्यांची वैद्यकीय तपासणी करावी. एवढ्यातले एकच होणार असेल तर शेवटचे करावे.

फेरतपासणीला आपण आलात की समिती आपल्याला अदबीने आत नेईल, दार लावेल, संगीत सुरू करेल. या वेळी कृपया गादीवर आडवे व्हा. सुरुवातीला गोडसर वास येईल. तो थोड्या वेळाने नाहीसा होईल. वाफ तेवढीच असेल. मग आपल्याला छान वाटू लागेल. छान वाटू लागताच उठून बाहेर या. उठावेसे वाटणार नाही, म्हणून मी दाराबाहेर थांबेन आणि आपल्याला हाक मारीन.

आपल्या येण्याकडे डोळे लावून बसलेली,
(सही)
रसायन तपासनीस, सोल्युशन विभाग
दिनांक : शुक्रवार, पाळी सुटल्यावर

सोबत :
१. कक्षाचा नकाशा, पंख्याच्या जागेसह.
२. वाफमापकाच्या नोंदी. गादीवरच्या नोंदीतले अक्षर माझेच आहे, पण मला ते लागत नाही.
३. मामांची डावी चप्पल, जी मला दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या कडेला सापडली. पट्टा आणि शिवण मी तपासली आहे. कुठेही तुटलेली नाही.