उत्तरेच्या उतारावरची सहा रोपं

वेंडेल,

सूप शेगडीवर आहे, गरम करून घे. उत्तरेच्या उतारावर मात्र मी येईपर्यंत जाऊ नकोस.

नऊ वर्षं तू तिथलं परकं गवत उपटलंस, माळाचं मूळचं बी पेरलंस, तेव्हा कुठे यंदा पास्क या दुर्मीळ रानफुलाच्या सहा रोपांना जांभळी फुलं आली. "फोटो खुशाल काढ, पण जागा कुणाला सांगू नकोस, आर्डिस," एवढंच तू म्हणालास. बागप्रेमींच्या क्लबात फोटो दाखवताना सगळे वाहवा करायला लागले आणि मी जागाही सांगून बसले.

आज सकाळी पाहिलं, तर सहाही रोपं कुणीतरी मुळासकट खणून नेली आहेत.

क्लबातल्या एकेकाच्या दारात जाऊन विचारणार आहे. रोपं मिळोत न मिळोत, संध्याकाळी परत येईन. तेव्हा ओरड, हवं ते बोल, पण नेहमीसारखं "जाऊ दे" म्हणू नकोस.

आर्डिस