दादाच्या नावावरून हात

अलिबाग

तीर्थरूप आईस,
क्रांतीचा नमस्कार.

बाबांचा खोकला कमी झाला का? मी बरी आहे, वेळेवर जेवते.

काल जिल्ह्यातल्या शहीद जवानांच्या स्मारकाचं उद्घाटन झालं. तू आली नाहीस. "दगडावर नाव कोरून माझा राहुल परत येणार हाय का?" म्हणालीस. भाषणं चालू असताना मलाही तसंच वाटत होतं.

कार्यक्रम संपल्यावर उरणच्या एक आजी जवळ आल्या. त्यांचा नवरा एकाहत्तरच्या लढाईत गेला, पण देह काही घरी आला नाही. आजींना वाचता येत नाही. "बाय, यातलं आमच्या यांचं नाव कंचं हाय?" त्यांनी विचारलं. मी नाव विचारलं तर या वयातही लाजल्या, मग हळूच म्हणाल्या, "रामचंद्र."

मी त्यांचं बोट धरून त्या नावावर ठेवलं. अक्षरांवरून त्या कितीतरी वेळ हात फिरवत राहिल्या. "हात लावाला काय तरी गावलं गो," एवढंच बोलल्या.

मग मी दादाच्या नावाला हात लावला. दगड उन्हानं तापला होता. मी खूप रडले. आता बरं वाटतंय.

आई, दादाला आणलं तेव्हा पेटी उघडू दिली नव्हती. तू लाकडावरूनच हात फिरवत होतीस. म्हणून म्हणते, ये. गर्दी नसेल तेव्हा आपण दोघीच जाऊ. तिथे कुणी भाषण करणार नाही, कुणी फोटो काढणार नाही. तुला हवा तेवढा वेळ त्याच्याजवळ बस.

तुझीच,
क्रांती