तंतोतंत जुळलेले गंगावन

जळकोट, शुक्रवार, दि. ११ फेब्रुवारी १९४४

तीर्थस्वरूप मल्लिनाथअप्पा यांचे सेवेशी विरुपाक्षाचे शरणार्थ.

आपल्या गुडघ्यास एरंडेल लागू पडल्याचे वाचून समाधान वाटले. आम्हीही सर्व खुशाल आहोत, असे लिहिले असते. परंतु ते खरे नाही.

आपण सोलापुराहून पाठविलेले गंगावन (तामलवाडीच्या करोडगिरी नाक्यावर जकातीसाठी उलगडले जाऊन) काल पोहोचले. लांबी मागितल्याप्रमाणे चोवीस इंच. रंग मी भर दुपारी अंगणात, सावली टाळून, सोबत परत आलेल्या नमुन्याशी ताडून पाहिला, तोही तंतोतंत. दोष एवढाच, की ते आपल्या भाचीच्या केसांत मिसळत नाही. मुदतीच्या तापात गेलेले चन्नम्माचे केस आता खांद्यापर्यंत आले आहेत आणि ते कुरळे आहेत. गंगावन मात्र सरळ व निसरडे. त्यामुळे वेणी मानेपर्यंत फुगीर राहते आणि तेथून एकाएकी बारीक होऊन लोंबते. सोमवारी भूमची मंडळी मुलगी पाहण्यास येणार. मुलाच्या आजी इरम्मा वेणी हातात घेऊन मुळापासून टोकापर्यंत चाचपतात, असा त्यांचा रिवाज आहे, आणि तापाची गोष्ट आम्ही त्यांना कळविलेली नाही. (कळवू नये, हे मत आपल्या भगिनी शांतम्माचे; माझे विचारले गेले नव्हते.) आखूड केसांवरून दोन स्थळे परत गेली. तिसरे गेले तर पुन्हा कोणासमोर बसणार नाही, असे चन्नम्माने मला स्पष्ट सांगितले आहे.

मी उपाय केले. गंगावन ओले करून बोरूंवर गुंडाळले व उन्हात वाळविले. सोडल्यावर ते अकरा मिनिटे कुरळे राहिले (घड्याळ समोर होते). मग जवसाचे पाणी लावले, तर ते ताठ झाले. शांतम्मा म्हणाली, "आता ह्यानं बैल बांधा."

नमुना मी स्वतः माजघराच्या कोनाड्यातील फणीतून चिमट्याने काढून पाठविला होता; त्यात चूक संभवत नाही. सबब चूक दुकानदाराची. तरी याच रंगाचे, पण कुरळे गंगावन रविवारच्या मोटारीने अवश्य यावे.

आपला,
विरुपाक्ष

ता. क. (शनिवार) पत्र न्यावयाची मोटार आली नाही. मंडळी मात्र आली. नळदुर्गास आप्तांकडे आली होती, ती दोन दिवस आधीच आमच्या दारात उतरली. तेच गंगावन धुवून, घाईने गुंफून चन्नम्मा बसली. इरम्मांनी वेणी हातात घेतली. मानेपाशी त्यांचा हात थांबला. मी आढ्याकडे पाहत राहिलो.

"ताप आलता व्हय गं?" त्यांनी हळू विचारले.

"व्हय," चन्नम्मा म्हणाली.

"मग सांगायचं की. केस काय, येत्यात. पर हे आणलंय कुणी? जराबी जुळंना."

चन्नम्माने माझ्याकडे पाहिले. स्थळ पक्के झाले. त्यानंतर इरम्मा स्वतःचा अंबाडा चाचपत शांतम्माला घेऊन आत गेल्या.

ता. क. दुसरा. आतले बोलणे आता कळले. कुरळे गंगावन नको. सोबतच्या पुडीतील नमुन्याप्रमाणे एक पांढरे, सरळ, अठरा इंची पाठवावे. इरम्मांना हवे आहे, वाच्यता नसावी. दुकानदाराला दिलेला दोष मी मागे घेतो. ज्या फणीतून मी नमुना काढला, तिने शांतम्मा स्वतःचे गंगावन विंचरते. आमच्या लग्नाला अठ्ठावीस वर्षे झाली. दर दोन वर्षांनी नवे आपणच पाठविता, असे ती म्हणते.

चन्नम्माचे तिने ठेवून घेतले आहे. तिला ते तंतोतंत जुळते. मी अंगणात, सावली टाळून, ताडून पाहिले.