दाजींचं समुद्रस्नान

छिंगदाओ, नऊ ऑगस्ट

प्रिय ताई,

धाकट्या रुईलानचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? यंदा लान्चौला उन्हाळा कडक आहे असं टीव्हीवर सांगत होते, तेव्हा दुपारची गच्चीवर वाळवणं घालायला चढू नकोस. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. माझा खोकला आहे तसाच आहे, तो आता घरचाच झालाय. तू दाजींच्या बॅगेत घातलेले लिलीचे कंद मिळाले. (दाजींनी ते आल्या आल्या खिशातला स्प्रिंगचा काटा काढून तोलले आणि मगच माझ्या हाती दिले. तीन चमचे कमी भरले म्हणे. चमच्यांचा हिशेब त्यांनी काट्यावर कसा लावला ते मी विचारलं नाही.)

पत्र का लिहिते, फोन का करत नाही, असं तुझ्या मनात येईल. फोन मी दोनदा केला होता. दोन्ही वेळा दाजी पलीकडच्या खोलीतून, भिंतीआडून, "रुईलान, मुद्द्यावर ये" असं सांगत होते. बहिणी-बहिणींच्या बोलण्यात मुद्दा कुठे असतो? म्हणून आज ते समुद्रावर गेलेत ते बघून लिहायला बसले. तुझ्या नवऱ्याविषयी तक्रार करायची माझी इच्छा नाही. ते वयाने मोठे, मानाने मोठे, तोलमाप खात्यात एकतीस वर्षं घालवून उपविभागप्रमुख म्हणून निवृत्त झालेले. तेव्हा पुढे जे लिहिलंय ती तक्रार समजू नकोस, नुसती हकीकत समज.

अकरा जुलैला ते स्टेशनवर उतरले तेव्हा हातात एक बॅग आणि तुझा तो निळा थर्मास एवढंच होतं. म्हणाले, डॉक्टरांनी समुद्राची हवा सांगितली आहे. कुठल्या डॉक्टरांनी ते त्यांनी सांगितलं नाही, तूही फोनवर "आलेत ना, बरं झालं" एवढंच म्हणालीस. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पहिले सहा दिवस त्यांनी समुद्र खिडकीतूनच पाहिला. तेव्हा पाण्यावर हिरवं शेवाळ आलं होतं, दरवर्षी येतं तसं, आणि किनाऱ्यावर ते उपसायला यंत्रं लागली होती. दाजींनी जन्मात पिवळ्या नदीखेरीज दुसरं पाणी पाहिलेलं नाही. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "कुरण चांगलं आहे. पण गुरं कुठे आहेत?" आमचे हे, छ्यू (तुला ठाऊक आहे, जेवताना हसू आलं की त्यांना ठसका लागतो) पाणी प्यायला उठून गेले ते बराच वेळ परत आलेच नाहीत.

सातव्या दिवशी शेवाळ उपसून झालं आणि मी दाजींना म्हटलं, चला. आमच्याकडे समुद्रावर जायचं म्हणजे घरूनच पोहायच्या कपड्यात, पायात सपाता, कमरेला रबरी चाक, असं बसमध्ये चढायचं. सगळी बस तशीच असते. त्या बसमध्ये दाजी इस्त्रीची पँट, कातडी बूट, पांढरा सदरा आणि बगलेत थर्मास घेऊन उभे. शेजारचा चड्डीतला माणूस त्यांना म्हणाला, "काका, तपासणीला आलात का?" दाजींचा चेहरा इतका खुलला की मला वाटलं, आता सहा दिवसांचं सगळं मळभ जाईल. ते म्हणाले, "निवृत्त झालोय. पण बघायला हरकत नाही."

तिथूनच सगळा घोटाळा सुरू झाला. रविवार होता. वाळू दिसत नव्हती, माणसंच दिसत होती. आमच्या शेजारच्या तीन बायका आधीच येऊन छत्री रोवून बसल्या होत्या, तोंडावर त्यांचे पोहायचे मुखवटे. (तू पाहिलेला नाहीस. कापडाची टोपी डोक्यापासून गळ्यापर्यंत ओढायची, डोळ्यांना, नाकाला आणि तोंडाला तेवढी भोकं. उन्हाने रंग काळवंडू नये म्हणून इथल्या आम्ही सगळ्या बायका घालतो. माझा नारिंगी आहे.) दाजींनी त्यांना बघून माझ्या मागे पाऊल घेतलं आणि हळूच विचारलं, "इथे बँक कुठे आहे?" मी म्हटलं, दाजी, या दरोडेखोर नव्हेत, शेजारणी आहेत. हिरव्या मुखवट्यातल्या बाईने त्यांना कलिंगडाची फोड दिली. त्यांनी ती घेतली, पण तिच्याकडे न बघता, घाबरलेला साक्षीदार ओळख टाळतो तशी.

मग त्यांची नजर गोड्या पाण्याच्या नळांकडे गेली. समुद्रातून निघालं की अंगावरचं खारं पाणी धुवायला लोक तिथे जमतात. रांग असते, पण आपल्या पद्धतीची असते. म्हणजे माणूस एका ठिकाणी, त्याची पिशवी दुसऱ्या ठिकाणी आणि त्याची सासू तिसऱ्या ठिकाणी उभी, आणि तिघांचे नंबर वेगवेगळे. दाजींना ते बघवेना. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या सरसावल्या, बुटाच्या टाचेने वाळूत एक रेघ ओढली आणि लोकांना त्या रेघेवर उभं करायला लागले. प्रत्येकाला दीड मिनिट पाणी. घड्याळ हातात. एक साबण लावलेला जाडा गृहस्थ दीड मिनिट संपल्यामुळे फेसासकट बाहेर काढला गेला आणि तो काहीही न बोलता बाहेर आला, कारण बूट घातलेला माणूस त्या किनाऱ्यावर एकच होता आणि ज्याच्या पायात बूट त्याच्याकडे हुकूम, असं लोकांना वाटतं. तासभर चाललं. शेवटी लाटेचं पाणी वर आलं आणि रेघ पुसून गेली. दाजींनी दुसरी ओढली. तीही गेली. तेव्हा रांगेतली एक आजी म्हणाली, "साहेब, आधी त्याला रांगेत उभं करा, मग आम्ही येतो." आणि तिने समुद्राकडे बोट केलं.

ती याओ आजी. वय अठ्ठ्याहत्तर, बर्फ पडत असतानाही रोज समुद्रात उतरते, आणि तिच्या मागे पहाटे पोहणाऱ्या म्हाताऱ्यांचा वीसजणांचा कळप आहे. दाजी तिच्यावर तीन दिवस रागावले होते. घरी जेवताना कालवं पुढे ठेवली तर म्हणायचे, ही त्या बाईच्या गावची का? इथे बिअर प्लास्टिकच्या पिशवीत भरून मिळते, ती आणली तर पिशवी काट्याला अडकवून बघायचे. आमच्या ह्यांनी एकदा विचारलं, "दाजी, पाण्यात उतरायचं नाही का?" तर म्हणाले, "खोली मोजल्याशिवाय कोण उतरतं?"

खरं कारण मला त्यांच्या पँटच्या कमरेतून डोकावणाऱ्या लाल पट्टीवरून कळलं. मी आणलेली लाल पोहायची चड्डी त्यांनी आत घातलेली असायची, रोज. उतरायची इच्छा होती आणि पोहता येत नव्हतं, आणि हे कुणाला सांगणार? एकतीस वर्षं सही करणाऱ्या माणसाला "येत नाही" हा शब्द लिहिता येत नाही.

सत्तावीस जुलैला त्यांनी मनाचा हिय्या केला. भाड्याने चाकं देणाऱ्याकडे मोठी चाकं संपली होती, राहिलं होतं एक पिवळं बदक, पोरांचं, मान वर काढलेलं. दाजी म्हणाले चालेल, फक्त बदकाची मान मागे करून बसतो, म्हणजे लोकांना दिसणार नाही. बदकात बसले, कंबरभर पाण्यात मी ढकललं, आणि शेजारणीने हाक मारली म्हणून मी जरा मागे वळले. (ताई, जरा म्हणजे खरंच जरा. फार तर तिच्या सुनेच्या बाळंतपणाइतकं.) वारा जमिनीवरून समुद्राकडे होता. दाजींना गार वाटलं, त्यांचा डोळा लागला. मी बघते तो लाल चड्डी आणि पिवळी मान शार्क अडवायच्या जाळीच्या तरंगत्या बोयांजवळ पोचलेली.

भोंग्यावरून घोषणा झाली, "पिवळ्या बदकातले वयस्क गृहस्थ, ताबडतोब परत या." सगळा किनारा बघायला लागला. दाजी जागे झाले, त्यांनीही मान वळवून इकडेतिकडे पाहिलं, असा बेजबाबदार माणूस कोण आहे म्हणून. मग त्यांच्या लक्षात आलं. ते उठायला गेले आणि बदक उलटलं.

ताई, तेवढे क्षण मला तुझंच तोंड दिसत होतं. तुला काय सांगू, कुठल्या तोंडाने सांगू, एवढंच. आमचे हे काठावरून कपड्यांनिशी पाण्यात शिरले, गळ्यापर्यंत जाऊन थांबले. बचावाची होडी निघाली होती, पण तिच्याआधी जाळीजवळच पोहत असलेली याओ आजी पोचली. तिने दाजींच्या हनुवटीखाली हात घातला, बदक सरळ केलं, त्यांचे दोन्ही हात त्याच्या मानेभोवती घातले आणि ढकलत आणायला लागली. दाजी पाणी ओकत म्हणत होते, "मी उपविभागप्रमुख खौ शौचंग." आजी म्हणाली, "पाय हलव, प्रमुख. मी काय तुझी बोट आहे?"

किनाऱ्यावर आणून तिने त्यांना पालथं घातलं, पाठीवर चार रट्टे दिले आणि विचारलं, "घरी कोण आहे?" दाजी रडत होते, पण खाऱ्या पाण्याने ओल्या तोंडावर ते कुणाला कळलं नसेल. मला कळलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते स्वतःहून गेले. याओ आजीने अट घातली, पाण्यात कुणी आधी काय होता ते बोलायचं नाही. त्या कळपात निवृत्त सर्जन आहे, गोदीतला हमाल आहे, शाळेची बाई आहे, आणि सगळे एकमेकांना टोपीच्या रंगाने हाक मारतात. दाजींना ते बदक म्हणतात. पहिल्या दिवशी मी घाबरत विचारलं, राग नाही ना आला? म्हणाले, "हुद्दा छोटा आहे. पण कायम नेमणूक आहे." आठ दिवसांत पाठीवर तरंगायला शिकले. बूट माळ्यावर गेले. नाक उन्हाने सोलपटलं तेव्हा स्वतः जाऊन मुखवटा आणला, निळा, आणि आता तो घालून शेजारणींच्या छत्रीखाली बसून कलिंगड खातात आणि कुणाची सून कशी आहे ते ऐकतात.

तर ताई, एवढीच हकीकत. तुझी हरकत नसेल तर त्यांना आता घरी बोलावून घे. आमची खोली लहान, स्वयंपाकघराच्या भिंतीला त्यांनी कामाच्या नोंदींचा तक्ता लावायला घेतलाय, आणि माझ्या खोकल्यालाही वेळा ठरवून दिल्या आहेत. प्रकृतीला जप.

तुझी लहानी,
रुईलान

ता. क. तक्त्याचं खोटं आहे. तक्ता त्यांनी लावलेला नाही. मी खिळा दिला तर हातात धरून उभे राहिले आणि परत दिला.

आणखी ता. क. आता खरं लिहिते. गेल्या गुरुवारी माझा नारिंगी मुखवटा वाळत होता म्हणून मी शेजारणीचा काळा घालून पाण्यात उभी होते. दाजी तरंगत जवळ आले. मला ओळखलं नाही. म्हणाले, "बाई, एक विचारू का? ओळख नाही म्हणून विचारतो." मी नुसती मान हलवली. मग आभाळाकडे बघत सांगायला लागले. निवृत्त झाल्यावर सकाळी उठून कुठे जायचं ते कळेना, म्हणून घरालाच ऑफिस केलं, भिंतीला कामाचा तक्ता लावला. बायकोने नूडल्सची कणीक मळली ती तोलली आणि तक्त्यात तिच्या नावापुढे "जास्त" असं लिहिलं. त्या दिवसापासून तिने दोन माणसांच्या ऐवजी एकाचीच कणीक भिजवली, दाजींची, आणि स्वतः रात्रीची पेज पीत राहिली. नऊ दिवस. "मी बॅग भरली, बाई, कारण मला वाटलं ती थांबवेल. तिने थर्मास भरून दिला." मग म्हणाले, "अडतीस वर्षांत तिच्या कामावर मी एकदाही 'ठीक' असं लिहिलं नाही. आता कुठल्या कागदावर लिहू?" तोंड उघडलं असतं तर आवाज ओळखला असता. मी पाण्याखाली बुडी मारली आणि श्वास संपेपर्यंत तिथेच राहिले. हे मला ठाऊक आहे असं त्यांना कधी कळू देऊ नकोस. आणि ताई, त्या नऊ दिवसांबद्दल मला एक शब्द सांगितला नाहीस, त्याचा राग मी वेगळा ठेवलाय.

(दुसऱ्या हस्ताक्षरात)

पाकीट टाकायला माझ्याकडे दिलं होतं. चिकटवलेलं नव्हतं. वाचलं.

पाण्यात रुईलान होती हे मला ठाऊक होतं. मुखवटा कुठलाही घातला तरी ती खोकते. तुला जाऊन सांगणारं दुसरं कुणी माझ्या ओळखीचं नाही, म्हणून तिच्याजवळच गेलो. तिने सगळं बरोबर लिहिलंय, फक्त मी रडलो ते बदक उलटल्यामुळे नव्हे. आजीने घरी कोण आहे असं विचारलं म्हणून.

घरचा तक्ता मी निघताना काढला होता. त्याच्या जागी भिंतीचा रंग वेगळा दिसत असेल, तिथे मी येऊन रंग लावतो. येऊ का?

शौचंग