देवाने सोपवलेली नखं

तीर्थस्वरूप मामांस,

धाकट्या भाच्याचा साष्टांग नमस्कार (कागदावरच, प्रत्यक्षात आधी पोट टेकतं). तुमचा खोकला आणि मामींचा पारा दोन्ही उतरले असतील अशी आशा आहे. आम्ही मजेत, फक्त बाबा माझ्याशी बोलत नाहीत. ऑफिसात मला मॅनेजर करत होते आणि मी नको म्हणालो, हे तुम्हाला कळलंच असेल. बाबांनी शेजारीपाजारी आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे आता ते फिरायला मागच्या गल्लीतून जातात. मी घरात आलो की भिंतीकडे बघून आईला विचारतात, "साहेब जेवले का?" फार लागतं हो मनाला.

मामा, मला खुर्चीचा राग नाही. पण देवाने एवढा धडधाकट माणूस घडवला, तो काय लोकांच्या रजा नामंजूर करायला? काहीतरी वेगळं योजलं असेलच की! ते शोधायला आधी मौन धरलं. बायकोने तेवढ्यात नवे पडदे, नवा सोफा आणि तिच्या भावाचा मुक्काम, सगळ्याला माझी संमती गृहीत धरली (तुम्हीही कुणाच्या तरी बायकोचे भाऊच, पण मनाला लावून घेऊ नका). मग वृद्धाश्रमात धीर द्यायला गेलो. जीवनाचा अर्थ सांगायला लागलो, तर पहिल्या आजोबांनी कानातलं यंत्रच काढून ठेवलं. शेजारचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, "तोंड आवर आणि एवढी पायाची नखं काप. मला वाकता येत नाही." कापली. (आधी पाय कोमट पाण्यात बुडवायचे असतात, हे एका आजींच्या किंकाळीनंतर कळलं.) पण हेडमास्तर चपला घालून व्हरांड्यात ऐटीत फेरी मारून आले, तेव्हा माझेच डोळे भरून आले. आता ऑफिस सुटलं की रोज तिथेच असतो. रांग लागते, वशिले चालतात! देवाचं बोलावणं पायाकडून येईल असं वाटलं नव्हतं, पण आलं ते आलं. बाबांना कळल्यावर ते (आईलाच) म्हणाले, "घराण्याचं नाव काढलं."

मामींना नमस्कार.

आपला भाचा

ता. क. रविवारी याच. बाबा लंगडतात. गुडघा म्हणतात, पण अंगठ्याचं नख रुतलंय, मी ओळखतो. माझ्यापुढे ते काही पाय करणार नाहीत. तुम्ही शेजारी बसून आधी तुमचे पाय पुढे करा. मेव्हण्याला आपल्याआधी काही मिळालेलं त्यांना आजवर खपलेलं नाही.

पुन्हा ता. क. ती जागा अजून रिकामी आहे. पाय माझ्या हातात देऊन बाबा नुसतं "हळू रे" म्हणाले ना, तर मी मॅनेजरसुद्धा होईन. हे मात्र देवाच्या कानावर जाऊ देऊ नका.