मफलरची हिरवी पट्टी

दादा,

क्लबच्या धुलाईखोलीत सकाळपासून आपल्या गोलकीपरची जर्सी घासतेय. पाठीवर कॉफीचा मोठा डाग आहे. "मावशी, निघेल ना?" एवढंच त्याने विचारलं. मोजे मात्र नेहमीसारखे सुलटे करून दिले. आईने लावलेली सवय आहे म्हणे.

दुपारी साहेबांनी आम्हा सगळ्यांना कालच्या सामन्याचं चित्रण दाखवलं. एक गोल काय सुटला, कठड्याशी उभा एक माणूस गोलकीपरच्या काळ्या रंगावरून माकडासारखे आवाज काढू लागला. मग त्याने हातातला कॉफीचा कप त्याच्या पाठीवर भिरकावला. नाकापर्यंत मफलर गुंडाळलेला होता.

"तोंड दिसत नाही. कुणी ओळखतं का याला?" साहेबांनी विचारलं.

निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत एकच पट्टी हिरवी होती, दादा. निळी लोकर संपली म्हणून मीच विणलेली. तू तेव्हा हसून म्हणाला होतास, "वेडाबाई, गर्दीत हरवलो तर यावरून शोध मला."

लहानपणी त्याच कठड्यापाशी तू मला खांद्यावर बसवायचास. ते आठवत राहिलं. पण ओल्या जर्सीचा वास हातांना येत होता. शेवटी तुझं नाव सांगितलं.

हे पत्र टाकणार नाही. आधी कळलं तर तू मफलर जाळशील आणि कानांवर हात ठेवशील. वहिनी माझ्याशी बोलणार नाही, तेही ठाऊक आहे.

उद्या पोलीस तुला न्यायला येतील. गारठा आहे, मफलर घालून जा.

तुझी,
वेडाबाई